लाल पट्टीचं इंजिन

ती कॅसेट माझ्यामुळे पुसली गेली. आमच्या कंपनीत गेल्या वर्षापर्यंत सगळे समजत होते की तो लोगो रंगांमुळे बाद झाला. तो ज्यांनी काढला होता त्या ताईही तेच समजत होत्या. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

आमची कंपनी बडोद्याच्या फतेगंजातली, टीव्हीसाठी कार्यक्रम बनवणारी. शेठ गुजराती, आणि आम्ही पाच-सहा माणसं. मी दांडिया बाजारातला, पदवी घेऊन घरी बसलेला. वडिलांनी ओळखीनं तिथे चिकटवून दिलं. काम एडिटिंगला मदत करायचं. एका मशीनवर कॅसेट चालवायची, दुसऱ्या मशीनवर तिच्यातले हवे तेवढे तुकडे उतरवून घ्यायचे. पुस्तकाएवढ्या जाडजूड कॅसेट होत्या त्या काळी, आणि त्यांचा कायम तुटवडा.

कार्यक्रमाच्या आधी कंपनीचं नाव पडद्यावर येतं, त्याचं शेठना भारी वेड. मी लागलो तेव्हा थर्माकोलची अक्षरं ग्रामोफोनच्या तबकडीवर उभी करून हातानं फिरवलेली असायची. मागे काळं कापड. अक्षरं फिरताना लटपटायची आणि एकदा तर फिरवणाऱ्याचं बोटही दिसलं होतं. शेठचे मेहुणे ते बघून म्हणाले, "तुमचं नाव येतं की चक्कर येते?" शेठना ते फार लागलं. त्यांनी जाहीर केलं, आता हलतं चित्र पाहिजे, हातानं काढलेलं.

मी ताईंचं नाव सुचवलं. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, आणि माझी धाकटी बहीण त्यांची विद्यार्थिनी. यजमान प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. शेठच्या मनात मोर होता. ताई म्हणाल्या, मोर तर सगळ्यांकडे आहे. त्यांनी कागदावर छोट्या रुळांवरचं वाफेचं इंजिन काढून दाखवलं, डभोईकडे जायचं तसं. ते वळणावरून समोर येतं, मोठं होत जातं, थांबतं, आणि त्याच्या धुरातून कंपनीच्या नावाची अक्षरं तयार होतात. इंजिन काळं, धूर पांढरा, आणि समोरची आडवी पट्टी लालभडक.

"बेन, आ तो जोरदार छे," शेठ म्हणाले आणि मोर उडाला.

पारदर्शक शीटवर एकेक चित्र काढून मागच्या बाजूनं रंग भरायचा. सेकंदाला डझनभर चित्रं. ताईंनी दिवाळीची सुट्टी आणि पुढचे कितीतरी रविवार त्यात घातले. यजमान आल्या-गेल्याला सांगायचे, "आमच्याकडे इंजिन दुरुस्तीला येत होतं, आता जन्माला येतंय." चित्रं पूर्ण झाल्यावर ती एकेक करून फिल्मवर घेण्यासाठी आम्ही अहमदाबादला गेलो. बडोद्यात तसा कॅमेरा नव्हता. फिल्म तिथल्याच लॅबनं ठेवून घेतली आणि आम्हाला कॅसेटवर उतरवून दिली. तीच आमची मूळ प्रत. वीस मिनिटांच्या कॅसेटवर सुरुवातीचे काही सेकंद इंजिन, बाकी सगळी टेप कोरी.

पहिल्यांदा ते पडद्यावर लावलं तेव्हा ऑफिसातला चहावाला ट्रे हातात घेऊन उभाच राहिला. शेठनी तीनदा मागे नेऊन बघितलं. ताई मात्र पडद्याकडे न बघता आमच्या तोंडांकडे बघत होत्या.

त्यानंतर शेठनी त्यांना शब्द दिला. मुलांसाठी एक मालिका करायची होती, चित्रांतून गोष्टी सांगणारी. सरकारी वाहिनीकडे नमुन्याचा भाग पाठवायचा होता. तो मंजूर झाला की ताई कंपनीत कायम, मालिकेची सगळी चित्रं त्यांची. त्याच सुमाराला शाळेनंही त्यांना कायम करायचं ठरवलं. त्यांची तिथली नोकरी तोवर हंगामी होती. ताईंनी मला विचारलं, "शेठ शब्द पाळतील ना रे? मी शाळेला नाही म्हणतेय."

मी म्हणालो, "ताई, डोळे मिटून नाही म्हणा."

त्यांनी नाही म्हटलं.

मग नवरात्र आलं. शेठनी गरब्याच्या शूटिंगचं एक काम घेतलं होतं. संध्याकाळी कॅमेरामन दारात स्कूटर चालू ठेवून ओरडायला लागला, "अरे भाऊ, टेप लाव! तिकडे आरती सुरू व्हायची." कोरी टेप एकही उरली नव्हती. कपाटात इंजिनाची कॅसेट होती, जवळजवळ सगळी कोरी. मी विचार केला, सुरुवातीचे सेकंद पुढे सरकवून दिली तर पुढची टेप वापरता येईल, आणि काम झाल्यावर परत इथेच.

त्या कॅसेटच्या पाठीला एक लाल प्लास्टिकचं बटण असतं. ते काढून टाकलं की तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही. मूळ प्रतीचं बटण लगेच काढायचं, हा ऑफिसातला पहिला नियम. काढलेली बटणं आम्ही सुपारीच्या एका रिकाम्या डब्यात टाकत असू. मी डब्यातून एक बटण घेतलं, इंजिनाच्या कॅसेटला बसवलं, टेप पुढे सरकवली आणि कॅमेरामनच्या हातात दिली. "सुरुवातीला लोगो आहे, पुढनं घे," एवढं मी त्याला नक्की सांगितलं. स्कूटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही, हे मी बघितलं नाही.

कोणताही कॅमेरामन टेप हातात आली की आधी पूर्ण मागे घेतो. सवयच असते ती. मला ती माहीत होती.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट मशीनमध्ये घातली. जिथे इंजिन वळणावरून यायला हवं होतं तिथे मैदान होतं, मांडवाचे दिवे होते आणि घागरे गोल फिरत होते. मी शेवटपर्यंत टेप पळवली, परत आणली, पुन्हा पळवली. इंजिन कुठेच नव्हतं. कॅमेरामन मागून येऊन म्हणाला, "मस्त आलाय ना गरबो?" मी म्हणालो, "मस्त."

माझ्या आधी त्या जागेवर एक जण होता. त्याच्या हातून एका मुलाखतीची कॅसेट पुसली गेली आणि शेठनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. ती गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी सांगितली होती. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. घरी काय सांगायचं, याचाच मी विचार करत राहिलो.

खरं तर उपाय सोपा होता. फिल्म अहमदाबादच्या लॅबमध्येच होती. शेठना सांगायचं, त्यांनी लॅबला फोन करायचा, नवी कॅसेट मागवायची. शेठ ओरडले असते, मला काढलंही असतं, पण इंजिन परत आलं असतं. मी सांगितलं नाही. लॅबशी बोलायचं काम शेठ स्वतः करत, त्यामुळे त्यांना न कळता कॅसेट मागवायची सोय नव्हती.

मी दुसरी वाट काढली. इंजिन आल्यापासून झालेल्या कार्यक्रमांच्या प्रती ऑफिसात होत्या आणि त्यांच्या सुरुवातीला ते होतंच. त्यातल्या एकीवरून मी ते नव्या कॅसेटवर उतरवलं आणि मूळ प्रतीच्या जागी ठेवून दिलं. वरचा कागदही जुन्या कॅसेटचा काढून चिकटवला. पण तेव्हाच्या टेपचं असं होतं की प्रत्येक प्रतीला चित्र थोडं विटायचं. प्रतीवरून काढलेल्या प्रतीची प्रत तर धुऊन धुऊन गेलेल्या कपड्यासारखी. आणि सगळ्यात आधी बिघडायचा लाल. तो आपली कड सोडून बाजूला पसरायचा.

मुलांच्या मालिकेचा नमुना त्याच कॅसेटवरून लोगो घेऊन गेला. मी स्वतः तो जोडला. छोट्या पडद्यावर बघून मनाची समजूत घातली, की चालेल.

पाठवल्यापासून फोन वाजला की माझा हात थांबायचा. शेवटी तो फोन आलाच. शेठनी मला आणि ताईंना एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. वाहिनीचं म्हणणं, भाग चांगला आहे, पण सुरुवातीचा लोगो दाखवण्यालायक नाही. तेवढं बदलून लगेच पाठवा, नाहीतर या खेपेच्या निवडीतून भाग बाद.

शेठनी मोठ्या पडद्यावर लोगो लावायला सांगितला. मी लावला. इंजिन वळणावरून आलं आणि जसजसं जवळ आलं तशी समोरची लाल पट्टी वितळल्यासारखी बाजूला ओघळायला लागली. धुराच्या पांढऱ्यालाही तिचा डाग लागला होता.

"बेन, आ लाल तो फेलाय छे," शेठ म्हणाले. म्हणजे लाल पसरतोय.

ताई खुर्चीतून पुढे वाकल्या. "पण हे असं नव्हतं दिसत," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू सांग रे. पहिल्यांदा लावलं तेव्हा असं होतं का?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मशीनचा आवाज चालू होता. मी बटण दाबून चित्र थांबवलं, नको तिथेच थांबलं ते, लाल अगदी पसरलेला असताना. आणि मी म्हणालो, "ताई, टीव्हीवर लाल असाच पसरतो. तुम्ही फार भडक वापरलाय. मी आधीच बोलणार होतो, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय. वाईट वाटेल म्हणून. तेवढी भर मी कुणी न विचारता घातली.

शेठ म्हणाले, "बघा बेन, हा रोज मशीनवर बसतो, त्याला समजतं."

ताईंनी पडद्यावरची पट्टी जवळून बघितली. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला माहीत असायला हवं होतं. मी बदलून देते. लाल काढून तपकिरी करते."

शेठ म्हणाले एवढा वेळ नाही. थर्माकोलची अक्षरं परत आली आणि नमुना त्यांच्यासह गेला. तोपर्यंत निवड होऊन गेली होती. मालिका नाही, म्हणून ताईंची नोकरीही नाही. शाळेनं दुसऱ्या बाईंना कायम केलं होतं.

तरी ताई एके दिवशी चित्रांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आल्या. त्यांनी प्रत्येक शीटवरची लाल पट्टी ओल्या कापसानं पुसून काढली होती आणि तिथे तपकिरी भरला होता. सगळ्या शीटवर. कुठे कुठे पुसताना काळाही निघाला होता, तिथे त्यांनी परत काळा लावला होता. "आता नाही पसरणार," त्या मला म्हणाल्या. "लॅबला परत पाठवता येईल. शेठना दाखवशील?" शेठ आत होते. मुंबईहून एक माणूस आला होता, कॉम्प्युटरवर अक्षरं फिरवून देतो म्हणणारा, आणि दोघांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. मी आत गेलो, सांगितलं. शेठ म्हणाले, "बेनना म्हण, आता नको." मी बाहेर येऊन तेच म्हणालो. ताईंनी गठ्ठा परत बांधला.

मुंबईवाल्यानं सोनेरी अक्षरं करून दिली. आकाशातून गरगरत यायची, थांबायची, एका कोपऱ्यावर चमक मारायची. शेठ खूश. दहा-बारा वर्षं ती चालली, त्यांच्या चमका वाढत गेल्या. पुढे शेठचा मुलगा कारभार बघायला लागला आणि त्यानं चमक काढून टाकली. आता एक सपाट वर्तुळ येतं, मोबाइलवर दिसेल असं, आणि टिंग करून जातं. या सगळ्या काळात मी मदतनिसाचा मुख्य एडिटर झालो. ताई घरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायच्या, एवढं कानावर येई. बाजारात दिसल्या की मी गल्ली बदलायचो.

गेल्या वर्षी शेठच्या मुलाच्या डोक्यात आलं की कंपनीच्या वर्धापनदिनाला सगळ्या लोगोंची एक फिल्म करायची. थर्माकोलपासून वर्तुळापर्यंत. त्यानं जुन्या कॅसेटमधला इंजिनाचा तुकडा बघितला आणि उडालाच. "काका, हे तर सगळ्यात बेस्ट आहे! हे बंद कोणी केलं?" मी म्हणालो, तांत्रिक अडचण होती. तो म्हणाला, मूळ चित्रं मिळाली तर स्कॅन करून नवं करू, आणि काढणाऱ्या बाईंना स्टेजवर बोलावू. ओळख कोणाची आहे? तर माझीच.

लॅब कधीच बंद पडली होती, तिथली फिल्म गेली होती. मी ताईंकडे गेलो. यजमान निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रतापनगरातच छोटं घर घेतलंय. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. यजमान म्हणाले, "या, एडिटर! आमचं इंजिन यार्डात पडून होतं, काढलंत वाटतं बाहेर." ताईंनी कपाटातून गठ्ठा आणला. रंगांना तडे गेले होते, पण चित्रं शाबूत होती. तपकिरी पट्टीची.

"स्टेजवर मला बोलायचंय म्हणे," ताई म्हणाल्या. "मी ठरवलंय काय बोलायचं. माझ्या लाल रंगाची फजिती सांगणार. सगळं मुसळ केरात घातलं मी, एका पट्टीपायी. मुलांना अजून सांगते, लाल जपून. मी तर तेव्हापासून हातच लावत नाही त्याला."

"सांगू दे तिला," यजमान म्हणाले. "हसतील लोक."

मी गठ्ठा घेऊन निघालो. जिना उतरताना वाटलं, परत वर जावं. गेलो नाही. पुढचे दिवस मी ती चित्रं स्कॅन करत होतो. एकेका शीटवर, तपकिरीच्या कडेला, कापूस नीट न फिरलेल्या जागी लालाची बारीक रेघ राहिली होती. शेठचा मुलगा मागे उभा राहून म्हणाला, "हे लाल काय आहे काका?" मी म्हणालो, "राहिलं असेल." ताई स्टेजवर उभ्या राहून माझी चूक स्वतःची म्हणून सांगणार, लोक हसणार, आणि मी समोर बसून टाळ्या वाजवणार, हे मला दिसायला लागलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईंना आणायची जबाबदारी माझ्यावर होती. मी ठरल्यापेक्षा बराच आधी गेलो. ताई तयार होत्या, यजमान बूट घालत होते. मी म्हणालो, "ताई, दोन मिनिटं बसा. मला काही सांगायचंय." उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नवरात्र, बटण, कॅसेट, प्रतीवरून प्रत. आणि ते वाक्य.

यजमानांच्या हातात एक बूट तसाच राहिला.

मग ताईंनी विचारलं, "फिल्म तेव्हा अहमदाबादलाच होती ना?"

"हो."

"म्हणजे एक फोन केला असता तर..."

"नवी कॅसेट आली असती. तुमचा लाल जसा होता तसा."

"आणि मी ते पुसत बसले होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"पुसलंत ते तुम्ही गठ्ठा घेऊन आलात तेव्हाच कळलं. पण तेव्हाही सांगितलं नाही."

यजमान म्हणाले, "अहो, हिनं शाळा सोडली होती! किती दिवस ही धड जेवली नव्हती, माहितीये तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला होता. ताईंनी हातानंच त्यांना थांबवलं. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडे. खाली थांबलेल्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

"माझ्या घरात येऊन सांगितलंस," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी चुकले ते शेठसमोर ठरलं होतं. ते येणार आहेत ना आज?"

"येणार आहेत."

"मग मी आज फजितीबिजिती सांगणार नाही. तू सांग. त्यांच्यासमोर."

हॉलमध्ये शेठ पहिल्या रांगेत होते, आता खूप थकलेले, काठी धरून. फिल्म झाली. थर्माकोलच्या अक्षरांना लोक हसले, इंजिनाला टाळ्या पडल्या. शेठच्या मुलानं ताईंना वर बोलावलं. त्या वर गेल्या, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या आधी यांना बोलायचंय." त्यांचं बोट माझ्याकडे होतं.

मी चढलो. समोर सगळी नवी पोरं, मोबाइल वर धरलेली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, शेठकडे बघितलं आणि मराठीतच सुरुवात केली. मध्येच शेठना नीट कळावं म्हणून गुजरातीत गेलो, परत मराठीत आलो. कॅसेट कुणी पुसली ते सांगितलं. लाल का पसरला ते सांगितलं. शेठनी काठीवरचा हात कानामागे नेला आणि ते जरा पुढे झुकले. कुणीतरी मागे हसलं, त्याला वाटलं असेल हा किस्सा आहे. मग तेही थांबलं.

शेवटी मी ताईंकडे वळलो आणि म्हणालो, "ताई, तुमच्या रंगात काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती झाकायला मी तुमच्यावर ढकलली, याच शेठसमोर. तुमची शाळेची नोकरी माझ्या शब्दावर गेली आणि इथलीही माझ्यामुळेच गेली. मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो. माफ करा."